शेष

मॉडेल तसं साधं आहे.
कालचा भार, परवाचा भार, सोनेगावचं तापमान,
वार कोणता, शाळा सुरू की सुट्ट्या,
आणि शेवटी एक लहानसा एप्सिलॉन,
ज्यात माझ्याकडून सुटलेलं सगळं जग बसतं.

चाळीस अंशांपर्यंत रेघ सरळ चढते.
चाळिसाच्या पुढे उभी राहते, फणा काढल्यासारखी.
नागपूरला हे समीकरण शिकवावं लागत नाही.
मार्च सरता सरता खस बदलली जाते,
जेवणं झाली की आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा,
आणि माझ्या पडद्यावर ती दहा मिनिटं
एक बुटकी पायरी होऊन दिसतात.

रमजाननं मला पहिल्या वर्षी चकवलं.
मोमिनपुऱ्याच्या फीडरवर पहाटे चारला उंचवटा,
दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारा.
शेवटी चंद्राचाही एक रकाना केला.
बारापात्रे साहेब हसले,
“तुझ्या एक्सेलमध्ये आता पंचांगपण आलं का?”

मग मे महिन्यातले ते तीन दिवस.
सोनेगाव शेहेचाळीस.
वाठोड्याच्या फीडरनं माझ्या हिशेबानं
अडतीसशे किलोवॅट मागायला हवे होते.
मागितले एकोणतीसशे.
मीटर तपासलं, फ्यूज शाबूत, तार जागेवर.
एक कूलर दोनशे वॅटचा धरला
तर साडेचार हजार कूलर एकाच वेळी बंद.
“आउटलायर,” साहेब म्हणाले, “काढून टाक. रेघ नीट बसेल.”

काढून पाहिलं. रेघ खरंच नीट बसली.
चौथ्या दिवशी लाइनमन सहारेंच्या मागे
गाडीवर बसून मी वाठोड्याला गेले.

दुपारी दीडला अख्खी गल्ली उंबऱ्यांवर.
निळे ड्रम उपडे घातलेले,
एकावर खडूनं लिहिलेला टँकरवाल्याचा नंबर.
नंदागवळी काकूंनी कूलरची जाळी काढून दाखवली.
खस कोरडी, पाखरं सोडून गेलेल्या घरट्यासारखी.
“पाणीच नाई बाई चार दिवसापासून.
कूलर लावला का भट्टी लागते नुसती.
पिवाले पुरत नाई, खसले कुठून पाजू?”
सहारे म्हणाले, “पाइपलाइन फुटली ना मॅडम.
तुमच्या कॉम्प्युटरले कोनी सांगतलं नाई?”

कुणी नाही.
माझ्या आलेखात तो उतार
सुखासारखा दिसत होता.
शेहेचाळीस अंशांत माणसांना
काही नकोच आहे, असा.

पाण्याचा रकाना केला. आहे : एक. नाही : शून्य.
चूक दोन टक्क्यांवर आली, साहेबांनी वर कळवलं.
मी त्या शून्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले.
त्यात उपडे ड्रम बसत होते.
काकूंनी नातवाच्या पोटावर ठेवलेलं,
दर पाच मिनिटांनी वाळणारं फडकं
बसत नव्हतं.

शाळेत भागाकारात जे उरायचं
त्याला बाई शेष म्हणायच्या.
कीर्तनातला शेष पृथ्वी डोक्यावर घेऊन असायचा.
दोघे वेगळे आहेत हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.
अजूनही नीटसं कळलंय असं नाही.

जूनच्या सुरुवातीला पाइप पुन्हा फुटला.
या वेळी मॉडेल बरोबर होतं.
दोन दिवस अंदाजाच्या रेघेवर खरी रेघ,
जणू एकच काढलेली.
जेवण गेलं नाही.

काल संध्याकाळी पाच-दहाला
मॉडेल म्हणत होतं एकतीसशे,
आणि वाठोड्याची रेघ
एक बारीकशी पायरी चढली.

पंप.

मी घड्याळ पाहिलं. टेबलावर चहा गार होत होता.
पाच-एकोणीस. पाच-वीस.
मग ती उठली, तेहतीसशे, पस्तीसशे,
सदतीसशे,
माझा अंदाज खाली कुठेतरी टाकून.

“किती चुकलं?” साहेबांनी दारातून विचारलं.
“सहाशेनं,” मी म्हणाले.
आवाज मलाच जरा मोठा वाटला.